पाण्याखालचे रान

खारून नदीत महादेव घाटाच्या आसपास जलपर्णी दाटली की रायपुरात ठरलेला क्रम सुरू होतो. तक्रारी होतात, यंत्रे पाण्यात उतरतात, उपसलेल्या ओल्या वनस्पतींचे ढीग काठावर पडतात आणि थोड्याच दिवसांत पाणी पुन्हा झाकले जाते. त्या थराखाली पूर्वी काय वाढत होते, हे मात्र कोणी विचारत नाही. नदीतल्या प्रत्येक हिरव्या गोष्टीला कचरा समजण्याची सवय महापालिकेला लागली आहे, तशी नागरिकांनाही. खारूनचे खरे नुकसान या सवयीने केले आहे.

बालोद जिल्ह्यात पेटेचुवाजवळ उगम पावणारी खारून रायपूरला वळसा घालून सिमग्याजवळ सोमनाथ येथे शिवनाथला मिळते. शिवनाथ पुढे महानदीला जाते. शहराला पिण्याचे पाणी देते तीच आणि शहराचे नाले पोटात घेते तीही खारूनच. अशा नदीच्या तळाशी आणि काठाशी जे उगवते, ते पाणी गाळते, गाळ धरून ठेवते, माशांच्या पिल्लांना आसरा देते आणि दिवसा पाण्यात प्राणवायू सोडते.

मध्य भारतातल्या निवळशंख पाण्यात वाढणारी व्हॅलिस्नेरिया पाहा. फितीसारखी लांब पाने, मुळे गाळात. मादीफूल मळसूत्रासारख्या बारीक देठावर पृष्ठभागापर्यंत येते. नरफुले तळाशीच देठापासून सुटतात, वर येऊन तरंगतात आणि वाऱ्याने मादीफुलाकडे सरकतात. परागण झाले की देठ पुन्हा गुंडाळतो आणि फळाला खाली ओढून नेतो. या साऱ्यासाठी दोनच गोष्टी लागतात: तळापर्यंत पोहोचणारा प्रकाश आणि मोकळा पृष्ठभाग. आपण नेमके हेच दोन्ही हिरावून घेतले.

सांडपाण्यातून नत्र आणि फॉस्फरस येतो. साबण, मैला, शेतातले वाहून आलेले खत, सगळ्याचा त्यात वाटा असतो. पाणी आधी गढूळ होते, मग त्यात सूक्ष्म शैवाल माजते आणि तळाशी अंधार होतो. बुडालेल्या वनस्पती उपाशी मरतात. मूळची ॲमेझॉनच्या खोऱ्यातली जलपर्णी मात्र पाण्यावर तरंगते. तिला तळाशी पोहोचणाऱ्या प्रकाशाची गरजच नाही आणि विरघळलेले खत तिला आयते मिळते. अनुकूल हवामानात ती दोन आठवड्यांत दुप्पट होते. त्यात एनिकटांनी, म्हणजे पात्रातल्या बंधाऱ्यांनी, प्रवाह अडवलेला. वाहत्या पाण्यात तिला ठाव मिळत नाही, साचलेल्या पाण्यात मिळतो. शहराची तहान भागवायची तर बंधारे लागतील, हे मान्य. पण उन्हाळ्यात त्यांच्याखाली थोडेही पाणी सोडायचे नाही, हा निर्णय माणसांचा आहे.

हस्तक्षेप म्हणजे केवळ घाण, असेही नाही. रायपूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर राजीम येथे महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा संगम आहे. तिथल्या माघी मेळ्यासाठी नदीपात्रात मुरूम ओतून रस्ते केले जातात. भाविकांची सोय होते, यात शंका नाही. पण वाळूच्या पात्रात मुरूम पडला की तो दाबला जातो, वाळूच्या फटी बुजतात आणि मुळे धरण्याची जागा संपते. मेळा काही दिवसांचा असतो, थर मात्र पुढच्या पुरापर्यंत आणि कधी त्यानंतरही राहतो. श्रद्धेला धक्का न लावता लाकडी किंवा तरते मार्ग करता येतील. प्रश्न इच्छेचा आहे.

छत्तीसगडच्या लोकांना पाणवनस्पती अनोळखी नाहीत. करमत्ता, चुनचुनिया या भाज्या बाजारात येतात, कमळाच्या देठाला इथे ढेंस म्हणतात आणि तो आवडीने खाल्ला जातो. शिंगाड्यावर मासेमार ढीमर कुटुंबांचा हंगाम उभा राहतो. जलपर्णी उपसणारे पोकलेन यांतले काहीच ओळखत नाही. काठ खरवडताना ते पाणभाज्याही उचलते. मग मोकळ्या झालेल्या चिखलात सर्वांत आधी बेशरमची झुडपे येतात किंवा पुन्हा जलपर्णी. घाटांना दगडी आणि काँक्रीटचे अस्तर देण्याची हौस तर याहून घातक, कारण उथळ, ओला, मातीचा काठ हेच या वनस्पतींचे घर. पुण्यात मुळा-मुठेच्या नदीकाठ प्रकल्पावरून जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हाच काठ होता. रायपूरने तो धडा पैसे न मोजता घ्यावा.

दोष केवळ सरकारचा नाही. या शहरातल्या मराठी कुटुंबांचा गणपतीही खारूनकाठीच निरोप घेतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली. विसर्जनासाठी कुंड आहे. ते वापरणे आणि शाडूची मूर्ती आणणे एवढे तरी आपल्या हाती आहे. रंगांतले जड धातू तळाच्या गाळात जाऊन बसतात आणि मुळे गाळातच असतात.

आता मोजमापाविषयी. आपल्याकडे प्रदूषित नदीपट्टा ठरतो तो बीओडीवरून, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती प्राणवायू लागतो यावरून. या यादीत खारूनचे नाव आलेले आहे. हा आकडा लागतोच. पण तो त्या दिवशीच्या पाण्याविषयी बोलतो, तर वनस्पती कित्येक महिन्यांचा हिशेब सांगतात. युरोपीय संघाने २००० साली केलेल्या जलधोरणात नदीची प्रकृती ठरवताना पाणवनस्पतींची नोंद बंधनकारक केली. तिथे तळ उजाड असेल, तर रासायनिक आकडे चांगले असूनही नदी उत्तम मानली जात नाही.

हे काम रायपुरात अवघड नाही. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ महादेव घाटापासून काही किलोमीटरवरच आहे. भाठागावच्या एनिकटापासून सोमनाथच्या संगमापर्यंत ठरावीक ठिकाणी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कोणत्या वनस्पती आहेत, याची नोंद त्याच्याकडे सोपवावी. ढीमर आणि केवट समाजातली जाणती माणसे सोबत घ्यावीत, मानधन देऊन. ही नोंद होईपर्यंत काठावर नवे काँक्रीट नको. जलपर्णी काढायची तर हाताने आणि नावेतून काढावी, काढलेला ढीग काठावर न सोडता खतासाठी न्यावा. आणि कोणताही नाला प्रक्रिया केंद्राला बगल देऊन नदीत उतरत असेल, तर त्या नाल्याचे नाव आणि त्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचे पद महापालिकेने दर महिन्याला जाहीर करावे. पहिली नोंद येत्या हिवाळ्यात, पाणी निवळलेले असतानाच व्हायला हवी.