उन्हाळा हाय, दोन पॉइंट कमीच टाकतो!

परदेशात लोकांकडे मोटरहोम असतं. आपल्याकडे मे महिन्यात गावाहून परतणारी कार असते. परवा कुंभार पिंपळगावहून ठाण्याला निघालो तेव्हा डिकीत ज्वारीचं पोतं, तूरडाळ, लोणच्याच्या बरण्या आणि आत पाच माणसं.

पंक्चरवाल्या काकांना म्हटलं, मागे छत्तीस टाका. ते म्हणाले, "उन्हाळा हाय, दोन पॉइंट कमीच टाकतो. नाहीतर फुटतंय टायर." बाबांनी लगेच मान डोलावली. "त्यांना अनुभव आहे रे."

मला या 'अनुभवा'शीच भांडायचंय.

टायर तापला की हवा वाढते, हे खरं. ३३ पीएसआय भरलेला टायर ३० अंशांनी तापला तर आकडा ३८ च्या आसपास जातो. अकरावीचं फिजिक्स! पण कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो. ही वाढ त्यात धरलेलीच असते. उलट हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू जास्त दबते, रबर आतून तापतं, थर सुटतात आणि टायर फुटतो. म्हणजे ज्या भीतीने हवा कमी केली, तेच आपण ओढवून घेतो. वर गाडी भरलेली आणि पुढे जालन्यापासून समृद्धी महामार्ग, कारला १२० ची मर्यादा. तिथे 'अंदाजे' चालत नाही हो.

काकांचा राग नाही. राग आपला आहे. ऑफिसात एका कॉन्फिग व्हॅल्यूवरून तासभर वाद घालणारे आपण, इथे मात्र "पस्तीस टाक सगळ्यात" म्हणून मोबाईलमध्ये डोकं घालतो. कुणी टायरवर छापलेला आकडा वाचतो; तो कमाल मर्यादेचा असतो, भरायचा नव्हे. कुणी म्हणतो नायट्रोजन भर, मग टेन्शन नाही. अरे, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे! आणि तोही तापला की तसाच वाढतो.

खरा आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो: रिकाम्या गाडीचा वेगळा, भरलेल्या गाडीचा वेगळा. मोटरहोमवाले तर भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढचं-मागचं वजन वेगळं करतात आणि टायर कंपनीच्या तक्त्यात बघून हवा ठरवतात. आपल्या उसाच्या पट्ट्यात वजनकाट्यांना तोटा नाही. उसाचं वजन किलोत बघतो, आपल्या माणसांचं का नाही?

तर निघण्याआधी, सकाळी टायर थंड असताना मोजा. वाटेत गरम टायरची वाढलेली हवा सोडू नका. आणि टायर झिजला असेल तर बदला, तिथे हवेचा कुठलाच आकडा कामाचा नाही.

मी शेवटी छत्तीसच भरली. बाबा अंबडपर्यंत बोलले नाहीत. असो. घरी पोचलो, पाचही जण.