सॅट पुन्हा द्यावी का? कॉलेज बोर्डास खुले पत्र

प्रति,
कॉलेज बोर्ड, न्यूयॉर्क

अमेरिकी विद्यापीठात पदवीसाठी अर्ज करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला सॅटचा पहिला निकाल लागला की निर्णय घ्यावा लागतो : परीक्षा पुन्हा द्यायची, की आहेत त्या गुणांवर अर्ज करायचा? बोर्ड 1926 पासून ही परीक्षा घेत आले आहे आणि ती किमान दोनदा द्यावी, असा त्याचा सर्वसाधारण सल्ला असतो. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यापुरता हा सल्ला ठीक आहे. पुणे, काठमांडू किंवा लागोसहून अर्ज करणाऱ्याला तो पुरत नाही, कारण तिथे पैसे, वेळ आणि फायदा या तिन्हींचा हिशेब वेगळा आहे.

आधी गुणांचा अर्थ. वाचन-लेखन आणि गणित या दोन विभागांना प्रत्येकी 200 ते 800, म्हणजे एकूण 400 ते 1600 गुण असतात. परदेशात मार्च 2023 पासून परीक्षा संगणकावर होते. प्रत्येक विभागाचे दोन भाग असतात आणि पहिल्या भागातील कामगिरीवर दुसरा भाग सोपा येणार की कठीण, हे ठरते. सोपा भाग वाट्याला आला की वरचे गुण हाताबाहेर जातात. त्यामुळे सुरुवातीच्या काही चुका महाग पडतात आणि चांगली तयारी असलेल्या मुलाचाही एखादा दिवस बिघडतो. शिवाय कोणतेच मोजमाप अचूक नसते. तयारीत काहीही फरक न पडता एका विभागाचे गुण दुसऱ्या वेळी तीसेकांनी वर किंवा खाली जाऊ शकतात. 1490 आणि 1510 यांतील फरक या मर्यादेच्या आतला आहे.

तरीही नेमका हाच फरक मुलांना पुन्हा परीक्षेला बसवतो. जोशुआ गुडमन, ओडेड गुरान्ट्झ आणि जोनाथन स्मिथ या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकी विद्यार्थ्यांच्या माहितीवरून दाखवून दिले, की शंभराच्या पटीच्या किंचित खाली राहिलेले विद्यार्थी ती ओलांडलेल्यांपेक्षा अधिक संख्येने परीक्षा पुन्हा देतात. त्याच अभ्यासात दोन महत्त्वाच्या गोष्टी निघाल्या. पुन्हा परीक्षा दिल्याने गुण खरोखर चांगले वाढतात आणि चार वर्षांच्या महाविद्यालयात जाण्याचे प्रमाणही वाढते. कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांना हा लाभ विशेष होतो, पण पुन्हा परीक्षा देणाऱ्यांत तीच मुले कमी असतात. पैशांअभावी दुसरी संधी हुकणे म्हणजे प्रवेशातील विषमतेत भर पडणे, असा याचा सरळ अर्थ आहे.

परदेशी अर्जदाराच्या बाबतीत हा अर्थ आणखी टोकदार होतो. 2024-25 मध्ये मूळ शुल्क 68 डॉलर होते आणि परदेशी केंद्रासाठी आणखी 43 डॉलर आकारले जात. एका प्रयत्नाचे 111 डॉलर, म्हणजे नऊ हजार रुपयांहून अधिक. अमेरिकेतील गरीब विद्यार्थ्याला बोर्ड दोनदा शुल्कमाफी देते. परदेशात परीक्षा देणाऱ्या परदेशी नागरिकाला ती मिळत नाही. उलट त्याच्याकडून जास्तीचे पैसे घेतले जातात. जवळ केंद्र नसलेल्या गावातील मुलाला प्रवास आणि मुक्कामाचा खर्च वेगळा.

वेळेची अडचणही तितकीच खरी आहे. लवकरच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबरच्या आसपास, तर नियमित अर्जांची जानेवारीच्या सुरुवातीला संपते. म्हणजे दुसरा प्रयत्न ऑगस्ट ते डिसेंबर याच काळात बसवावा लागतो. महाराष्ट्रातील बारावीचा विद्यार्थी तेव्हा पूर्वपरीक्षांत अडकलेला असतो. पुढे प्रात्यक्षिके, फेब्रुवारीत राज्य मंडळाची लेखी परीक्षा, आणि अनेकांच्या मागे जेईई किंवा सीईटीही असते. अमेरिकी विद्यापीठे शाळेतील गुणही बारकाईने पाहतात. तीस गुणांसाठी बारावीची टक्केवारी घसरली, तर तो व्यवहार तोट्याचाच ठरतो.

फायदा मात्र कुठे अर्ज करायचा यावर ठरतो आणि या बाबतीत आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. सीईटीत पर्सेंटाइलच्या अंशाने महाविद्यालय बदलते, म्हणून सॅटमध्येही तसेच होत असणार, असे पालक धरून चालतात. अमेरिकेत गुणानुक्रमाने प्रवेशाची यादी लागत नाही. एमआयटीने 2022 मध्ये, तर डार्टमथ, ब्राउन आणि हार्वर्ड यांनी 2024 मध्ये प्रवेश परीक्षा पुन्हा सक्तीची केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखा मात्र हे गुण प्रवेशासाठी पाहतच नाहीत. एमआयटीत प्रवेश मिळालेल्यांपैकी मधल्या निम्म्यांचे गुण साधारण 1520 ते 1580 या पट्ट्यात असतात. तिथे 1540 मिळालेल्याने 1570 साठी पुन्हा बसण्यात फारसे हशील नाही; 1430 मिळालेल्याने अवश्य बसावे. मात्र हे पट्टे देशी आणि परदेशी विद्यार्थी एकत्र धरून काढलेले असतात. परदेशी अर्जदारांचा प्रवेशदर बराच कमी असल्याने पट्ट्याच्या तळाशी असलेले गुण त्यांना पुरेसे मानता येत नाहीत.

अनेक विद्यापीठे वेगवेगळ्या वेळच्या परीक्षांतील प्रत्येक विभागाचे सर्वोत्तम गुण जोडून घेतात. गणितात 780 आणि वाचन-लेखनात 670 असा निकाल भारतीय मुलांत सर्रास दिसतो. अशा विद्यार्थ्याने दुसऱ्या वेळी सगळी ताकद वाचन-लेखनावर लावावी. त्या विभागात चांगले गुण मिळाल्यास काही विद्यापीठे इंग्रजीची वेगळी परीक्षाही माफ करतात. ठरावीक गुण ओलांडले की आपोआप शिष्यवृत्ती देणारी सार्वजनिक विद्यापीठेही आहेत. तिथे वीस गुणसुद्धा लाखमोलाचे ठरतात. पण ज्या संस्था परदेशी विद्यार्थ्याची पैसे भरण्याची ऐपत पाहून निर्णय घेतात, आणि बहुतेक संस्था तशाच आहेत, तिथे ऐपतीची उणीव गुणांच्या छोट्या वाढीने सहसा भरून निघत नाही. जॉर्जटाउनसारख्या संस्था सर्व प्रयत्नांचे गुण मागतात, म्हणून तयारीविना सहज म्हणून परीक्षेला बसणेही योग्य नाही. घरी वेळ लावून सोडवलेल्या सराव परीक्षांत दोन-तीनदा सलग साठ-सत्तर गुणांची वाढ दिसली, तरच दुसऱ्या प्रयत्नाला खरा आधार मिळतो. तिसऱ्या प्रयत्नाची गरज फार थोड्यांना असते.

हा सगळा हिशेब आज बारावीचा विद्यार्थी शिकवणीवाल्यांच्या जाहिराती वाचून करतो. कोणत्या देशातील विद्यार्थ्यांचे गुण दुसऱ्या प्रयत्नात सरासरी किती वाढले, ही माहिती बोर्डाकडे आहे. त्याने ती देशवार प्रसिद्ध करावी आणि निकालपत्रावर एकूण गुणांइतक्याच ठळक अक्षरांत मोजमापाची मर्यादा छापावी. आणि किमान दोनदा परीक्षा द्या असे जगभरच्या मुलांना सांगायचे असेल, तर गरीब परदेशी विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रयत्नाचे शुल्क बोर्डाने माफ करावे.