विंचवाचा उतारा आणि औषधाचा हिशेब

उन्हाळा सरत आला कीं घरें शाकारणें, कौलें चाळणें, बांधाचे दगड हलविणें, सरपण भरणें हीं कामें निघतात, आणि त्यांबरोबर विंचूही निघतात. आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंना विंचू म्हणजे काय हें सांगावयास नको. परंतु विंचू चावल्यावर कित्येक गांवांत अजूनही पहिली हांक डॉक्टराला न जातां मांत्रिकाला जाते, म्हणून या विषयावर आज लिहिणें भाग आहे.

मांत्रिकावर लोकांचा विश्वास बसतो तो कांहीं उगीच नव्हे. थोरला काळा विंचू दिसावयास भयंकर. पण त्याच्या नांगीनें ठणका लागतो, जीव सहसा जात नाहीं. मंत्र घाला किंवा न घाला, रात्र सरतां सरतां ठणका उतरतो. उतरला कीं नारळ मांत्रिकाला! लहानसा तांबडा विंचू डसला आणि पोर दगावलें, तर दोष मात्र पोराच्या नशिबाला. जमा मांत्रिकाच्या नांवें, खर्च नशिबाच्या नांवें. असा जमाखर्च एखाद्या सावकारानें मांडला असता तर आपण त्याला चावडीवर जाब विचारला असता.

आतां दुसरा हिशेब पाहा. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे मराठवाड्यांतील देहेड गांवच्या शेतकऱ्याच्या घरांत जन्मले. १९७६ सालीं ते तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांत, महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यांत नोकरीस लागले. तांबडा विंचू डसलेलीं माणसें, विशेषतः लहान मुलें, तेथें डोळ्यांदेखत मरत. यावर पुस्तकांत धड उपाय सांपडेना. तेव्हां त्यांनीं रोग्याच्या उशाशीं बसून घडेल तें टिपून ठेवण्याचा क्रम धरला: घाम केव्हां सुटला, वांत्या केव्हां झाल्या, हातपाय केव्हां गार पडले, नाडी कशी चालली. जे वांचले त्यांचें लिहिलें आणि जे गेले त्यांचेंही लिहिलें. हें टांचण १९८२ सालीं विलायतेच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत छापून आलें.

त्यावरून उमगलें तें असें. तांबड्या विंचवाचें विष अंगांत भिनलें म्हणजे नसा खवळतात आणि भीतीच्या वेळीं शरीरांत जो रस सुटतो तो लोटच्या लोट सुटतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदय थकतें, फुप्फुसांत पाणी भरतें. तोंडाला तांबूस फेंस येतो आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. आणखी एक गोष्ट आयाबहिणींनीं ध्यानांत ठेवावी. अशा रोग्याला कधीं कधीं ठणका फारसा नसतोच. पोर रडत नाहीं म्हणून विष उतरलें असें समजूं नये. अंग घामानें भिजून हातपाय गार लागले, तर क्षणाचाही विलंब नको.

आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी ‘प्राझोसिन’ नांवाची एक स्वस्त गोळी रक्तदाबासाठीं वापरांत होतीच. डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनीं ती या रोग्यांना देऊन पाहिली व १९८६ सालीं तें प्रसिद्ध केलें. पूर्वी विष भिनलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा २५ ते ३० दगावत. गोळी वेळेवर मिळूं लागल्यावर तें प्रमाण शेंकडा एकाच्या आंत आलें. पुढें विंचवाच्या विषावर प्रतिविषाची लस निघाली, तेव्हां या दांपत्यानें आपल्याच गोळीची परीक्षा मांडली. ७० रोग्यांपैकीं कांहींना नुसती गोळी, कांहींना गोळी व लस दिली. दोन्ही दिलेले रोगी लवकर बरे झाले, आणि तेंही त्यांनीं २०११ सालीं छापून टाकलें. आपली गोळी एकटी कमी पडते हें स्वतः जगाला सांगणारा मांत्रिक कोणीं पाहिला आहे काय? मंत्र तर ग्रहणाच्या रात्रीं कानांत सांगावयाचा. उघड केला तर म्हणे त्याचें तेज जातें!

ही गोळी मात्र घरीं आणून ठेवून देऊं नये. पहिल्या मात्रेनें रक्तदाब एकदम खालीं येऊं शकतो. रोगी निजवून ठेवून डॉक्टराच्या नजरेखालींच ती द्यावयाची असते. जखमेवर चिरा देणें, घट्ट दोरी आवळणें, यांनीं कांहीं साधत नाहीं. आणि साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्र-गंडादोरा करणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. सात वर्षांपर्यंत कैद आहे. मांत्रिक गांवचाच, नात्यागोत्याचा असतो, त्याला हें गोडीनें सांगावें.

पण दोष सारा मांत्रिकाचाच, असें आम्ही म्हणणार नाहीं. रात्रीं अपरात्रीं पोर खांद्यावर घेऊन दवाखाना गांठावा आणि दाराला कुलूप असावें, किंवा सुई टोचून ‘मोठ्या गांवीं न्या’ एवढेंच ऐकावें, तर बाप परत मांत्रिकाकडेच वळेल. तेव्हां येत्या ग्रामसभेंत कौलांच्या व विटांच्या कामाला जाणाऱ्या सर्वांनीं उभें राहून विचारावें: आमच्या आरोग्य केंद्रांत प्राझोसिनची गोळी व विंचवाची लस आज शिल्लक आहे काय? रात्रीं डॉक्टर मुक्कामाला असतो काय? १०८ ची गाडी आमच्या वाडीपर्यंत पोंचते काय? जें उत्तर मिळेल तें इतिवृत्तांत लिहून घ्यावें आणि त्याखालीं सरपंचांची सही घ्यावी.