आधी मूळ दाखवूया, मग पाठांतर



'रोज दहा इंग्रजी शब्द अर्थासह पाठ करा' हा गृहपाठ आपल्या ओळखीचा आहे. मुलं पाठ करतात आणि आठवड्याभरात विसरतात, कारण प्रत्येक शब्द त्यांना सुटा वाटतो. माझं मत आहे की चौथी-पाचवीपासूनच शब्दांची मुळं दाखवायला हवीत.

इंग्रजीतले खूप शब्द लॅटिन मुळांवरून आले आहेत. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणं. आत आणलं की इम्पोर्ट, बाहेर पाठवलं की एक्स्पोर्ट, एका जागेहून दुसरीकडे नेलं की ट्रान्सपोर्ट. मराठी मुलाला यात नवं काही नाही. आयात-निर्यात हीच रचना आहे. आहार, विहार, प्रहार, संहार हेही एकाच 'हृ' धातूला वेगवेगळे उपसर्ग लागून झाले.

काहीजण म्हणतात, "प्राथमिकच्या मुलांना लॅटिन कशाला?" अहो, ते तर आपल्या घरातच आहे! शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज आले आणि त्यांची भाषा लॅटिनची लेक. त्यांच्याकडून आपण 'पाव' घेतला. त्याचं लॅटिन मूळ 'पानिस'. इंग्रजी 'कम्पॅनियन'मध्येही तेच आहे, म्हणजे सोबत बसून पाव खाणारा तो सोबती. 'चावी'चं मूळ 'क्लाविस'. गळ्याखालच्या हाडाला क्लॅव्हिकल म्हणतात, म्हणजे छोटी चावी. 'पगार' आणि इंग्रजी 'पे' हे तर एकाच मुळाचे. मूळ अर्थ शांत करणं. देणं चुकतं केलं की घेणारा शांत होतो ना!

मात्र सारखं दिसलं म्हणून मूळ एकच, असं नाही. मालवणचं मूल लगेच विचारेल, "मग बंदराला पोर्ट का म्हणतात?" तो पोर्ट 'पोर्तुस' म्हणजे बंदर या लॅटिन शब्दावरून आला. 'पोर्ट्रेट'मधलं मूळ तर ओढण्याचं, म्हणजे ते ट्रॅक्टरचं नातलग. म्हणून अंदाज करू द्यावा, पण शब्दकोशात पडताळायलाही लावावं.

स्पेलिंगचा सराव सुटणार नाही, पण ओझं नक्की हलकं होईल. आठवड्याला एकच मूळ घ्या, त्याचे चार-पाच शब्द फळ्यावर लिहा आणि अर्थ मुलांनाच शोधू द्या. पालकांनीही दुकानाच्या पाट्या, औषधांची वेष्टनं वाचताना विचारावं, "या शब्दात ओळखीचं काही दिसतंय का?" अनोळखी शब्दासमोर मूल घाबरून थांबण्याऐवजी तो फोडून बघायला लागलं, तर वर्षभराच्या पाठांतरापेक्षा ते मला मोलाचं वाटतं.