टेकूंवर उभा असलेला कायदा

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत एक यादी प्रसिद्ध होते. शहरातील जुन्या उपकरप्राप्त इमारतींपैकी अतिधोकादायक ठरलेल्या इमारतींची ही यादी म्हाडाचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ दरवर्षी जाहीर करते. २०२४ साली तीत २० इमारती होत्या, तर २०२५ साली ९६. एका वर्षात एवढ्या इमारती एकाएकी मोडकळीस आल्या, असे कोणी मानणार नाही. यादीनंतर रहिवाशांना जागा सोडण्याच्या सूचना जातात. काही कुटुंबे सामान बांधतात, पुष्कळशी आहेत तेथेच राहतात आणि एखादी इमारत कोसळली की चौकशीची घोषणा होते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे मृत्युमुखी पडली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीच्या केसरबाई इमारतीत १३ जणांचा बळी गेला आणि त्यानंतर बरोबर एका वर्षाने, १६ जुलै २०२० रोजी, फोर्टमधील भानुशाली इमारतीत १० जणांचा. यांपैकी हुसैनी इमारत धोकादायक असल्याची नोटीस २०११ सालीच निघालेली होती. म्हणजे कायदा गप्प राहिला नव्हता. त्याच्या बोलण्याने काही घडले नाही, एवढेच.

कायद्यांचा तुटवडा हे यामागचे कारण नव्हे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ अन्वये धोकादायक बांधकाम दुरुस्त करण्याचा, रिकामे करण्याचा किंवा पाडण्याचा आदेश महापालिका देऊ शकते. त्याच अधिनियमाने तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक केली आहे. भाडे नियंत्रण कायद्याने जागा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे आणि म्हाडा अधिनियमाने दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळच निर्माण केले आहे. एवढ्या तरतुदी असूनही शहरातील शेकडो घरे लाकडी टेकूंवर उभी असतील, तर त्या तरतुदी एकमेकींशी कोठे विसंगत आहेत, हे पाहणे अगत्याचे ठरते.

या विसंगतीचे मूळ भाड्याच्या गोठवणुकीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील टंचाईत भाडेकरूंना संरक्षण देणे आवश्यक होते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे प्रमाण मानले. गिरणी कामगार, कारकून आणि लहान दुकानदार यांना या शहरात टिकून राहता आले, याचे मोठे श्रेय त्या कायद्याला द्यावेच लागेल. तथापि तात्पुरत्या संकटासाठी योजलेला हा उपाय अर्धे शतक तसाच राहिला. सिमेंट, लोखंड, गवंड्याची मजुरी यांचे भाव वाढत गेले आणि भाडे मात्र १९४० सालात थांबले. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचा निर्वाळा दिला. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि दरसाल ४ टक्के वाढ मान्य झाली. परंतु २००० साली १०० रुपये असलेले भाडे २५ वर्षांत चक्रवाढीने धरले, तरी २७५ रुपयांच्या आतच राहते. मालकाने दुरुस्ती केली नाही, तर नोटीस देऊन ती स्वतः करण्याची व खर्च भाड्यातून वळता करून घेण्याची मुभा या कायद्याने भाडेकरूला दिली आहे. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. ही रक्कम होते वर्षाकाठी सुमारे ८०० रुपये. तेवढ्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरीही जेमतेम निघते. कर्तव्य सांगायचे आणि ते पार पाडण्याचे साधन काढून घ्यायचे, असा हा प्रकार आहे.

मालक दुरुस्ती करणार नाही, हे ओळखूनच राज्य सरकारने १९६९ साली स्वतंत्र कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापन केले. बेट शहरातील १९,६४२ इमारतींवर उपकर बसवला गेला आणि त्या पैशातून सरकारी अनुदानाच्या जोडीने मंडळाने त्यांची दुरुस्ती करावी, असे ठरले. यांपैकी १६,५०२ इमारती सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. पुढे हे मंडळ म्हाडात विलीन झाले. त्याने अनेक इमारतींचे आयुष्य वाढवले, हे नाकारता येणार नाही. परंतु या योजनेने एक नवी सवय लावली. दुरुस्ती हे मालकाचे काम राहिले नाही, भाडेकरूचेही झाले नाही. ते मंडळाचे झाले. मंडळाकडे निधी अपुरा, प्रति चौरस मीटर खर्चाला मर्यादा आणि अर्जांची रांग लांब. रांगेत नंबर लागेपर्यंत घर मात्र थांबत नाही.

जुनी इमारत एका रात्रीत कोसळत नाही. भिंतीलगतचा सांडपाण्याचा नळ फुटतो. त्याची गळती विटांत मुरते आणि भिंतीत बसवलेल्या तुळईचे टोक कुजू लागते. गच्चीच्या कोपऱ्यात पिंपळाचे रोप रुजते. त्याची मुळे चुन्याच्या सांध्यांत शिरतात. सार्वजनिक संडासाखालची लादी सतत ओली राहून तिच्यातले लोखंड गंजते. यांतील प्रत्येक गोष्ट पहिल्या वर्षी थोडक्या खर्चात थांबवता येते. वीस वर्षांनी ती कोणत्याच खर्चात थांबत नाही. कायद्याची नोटीस मात्र बहुधा विसाव्या वर्षी येते. त्या वेळी तिच्यात लिहिण्यासारखा एकच आदेश उरलेला असतो, तो म्हणजे घर रिकामे करा.

हा विलंब केवळ आळसामुळे झालेला नाही, ही यातील अधिक गंभीर बाब आहे. गेल्या काही दशकांत शासनाची सारी भिस्त पुनर्विकासावर राहिली आहे. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३ (७) आणि ३३ (९) या तरतुदींनी उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी वाढीव चटई क्षेत्र दिले. भाडेकरूला नवे, मोठे, मालकीचे घर, मालकाला आणि विकासकाला विक्रीयोग्य जागा, अशी ही रचना कागदावर सर्वांच्या सोयीची आहे. परंतु तिचा दुसरा परिणाम कोणी मोजला नाही. हे सारे लाभ जुनी इमारत गेल्यानंतरच मिळतात. मग तुळई बदलण्यासाठी पैसे कोणी घालावेत? मालकाच्या दृष्टीने सुस्थितीतील चाळ ही अडचण आणि मोडकळीस आलेली चाळ ही ठेव ठरते. भाडेकरूही, आज ना उद्या टॉवर होणारच आहे, मग वर्गणी कशाला, असा हिशेब करतो. दुर्लक्षाला दंड करण्याऐवजी कायद्याने त्याला मोबदला देऊ केला आहे आणि या मोबदल्याची वाट पाहताना माणसे मरतात.

घर रिकामे करण्याची नोटीस लोक का मानत नाहीत, याचे उत्तरही येथेच मिळते. रहिवाशांना धोका कळत नाही, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. डोक्यावरचा गिलावा ज्यांच्या ताटात पडतो, त्यांना धोका समजावून सांगण्याची गरज नसते. त्यांना त्याहून मोठे भय वाटते ते जागेवरचा हक्क जाण्याचे. तात्पुरत्या म्हणून दिलेल्या संक्रमण शिबिरांत उमेदीची सारी वर्षे घालवलेली कुटुंबे त्यांच्या परिचयाची असतात. इमारत पाडण्यापूर्वी रहिवाशांची नावे व त्यांच्या जागांचे क्षेत्रफळ नोंदवून ठेवावे, असा दंडक उच्च न्यायालयाने २०१४ साली घालून दिला, तो याच भयामुळे. जागा सोडणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे, असा विश्वास जोवर निर्माण होत नाही, तोवर पोलिसांच्या बळावर एखादी इमारत रिकामी करता येईल, शहर नव्हे.

जबाबदारीच्या विभागणीने या गोंधळात भर घातली आहे. केसरबाई इमारतीच्या दुर्घटनेनंतर पडलेला भाग अनधिकृत असून तो आपल्या कक्षेत येत नाही, अशी भूमिका म्हाडाने घेतली. ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांना या सीमारेषेचा काय उपयोग होता? खाजगी मालकांना धारेवर धरणाऱ्या संस्थांची स्वतःची घरे तरी सुस्थितीत आहेत, असेही नाही. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडजवळ कोसळून ६१ जणांचे प्राण घेणारी इमारत महापालिकेच्याच मालकीची होती आणि तिला पुरती चाळीस वर्षेही झालेली नव्हती.

शासनाने २०२० साली म्हाडा अधिनियमात दुरुस्ती केली आणि २०२२ साली तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तीनुसार धोकादायक ठरलेल्या इमारतीच्या मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी सहा महिने, त्याने न दिल्यास भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला सहा महिने आणि तेही न झाल्यास म्हाडाकडून संपादन, असा क्रम ठरला. हेतू स्तुत्य होता. परंतु पुरेशा तपासणीवाचून शेकडो नोटिसा काढल्या गेल्याचे प्रकरण २०२५ साली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने म्हाडाच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. त्याआधी, ५ नोव्हेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक संसाधने या संज्ञेत येत नाही, असा निर्णय दिला. तो वादही मुंबईच्या याच इमारती भाडेकरूंच्या संस्थांसाठी संपादन करण्याच्या तरतुदीतून उद्भवला होता. संपादनाचा बडगा वाटतो तितका सोपा नाही, हा या दोन्ही घटनांचा इशारा आहे. तो उगारायचाच असेल, तर त्याआधी पायऱ्या हव्यात.

पहिली पायरी लहान दुरुस्तीची. पाहणी पावसाळ्याच्या तोंडावर न करता पावसाळा संपताच करावी, कारण गळती तेव्हाच दिसते आणि कामाला पुढचे आठ महिने मिळतात. नळ, गच्ची, संडास, झाडांची मुळे, तुळयांची टोके अशा मोजक्या बाबींची यादी इमारतीच्या दारावर लावावी. मालकाने ठरावीक मुदतीत काम न केल्यास भाडेकरूंच्या संघाला ते करू द्यावे आणि तो खर्च त्या मालमत्तेवर बोजा म्हणून चढवावा. हा बोजा पुनर्विकासाच्या वेळी मालकाच्या हिश्श्यातून वसूल झाला आणि दुर्लक्षाच्या प्रमाणात त्याचे वाढीव चटई क्षेत्रही घटले, तर पडझडीची ठेव फायद्याची राहणार नाही. दुसरी पायरी भाड्याची. ऐपत असलेल्या भाडेकरूंकडून अधिक भाडे घेण्यास हरकत नसावी. मात्र ती वाढ मालकाच्या खिशात न जाता त्या इमारतीच्या दुरुस्ती खात्यात जावी. तिसरी पायरी हक्काच्या नोंदीची. प्रत्येक भाडेकरूचे नाव व क्षेत्रफळ असलेला दाखला इमारत धोकादायक ठरण्यापूर्वीच त्याच्या हाती असला पाहिजे. या साऱ्यासाठी एका इमारतीला उत्तर देणारी एकच यंत्रणा असावी, दोन नव्हेत.

अर्थात शंभर वर्षांची प्रत्येक इमारत वाचवता येईल, असा भाबडा दावा कोणी करणार नाही. अनेक इमारती पाडाव्याच लागतील आणि त्यांतील कुटुंबांना चांगली घरे मिळालीच पाहिजेत. परंतु १९६९ च्या यादीतील सुमारे १३ ते १४ हजार इमारती आजही उभ्या आहेत. त्या सर्वांचा पुनर्विकास अत्यंत वेगाने झाला, तरी त्याला कित्येक वर्षे लागतील आणि तेवढी वर्षे माणसे याच भिंतींच्या आत राहणार आहेत. त्यांच्यासाठी नव्या घराचे आश्वासन हे आजच्या छताला पर्याय होऊ शकत नाही. देखभालीचा कायदा घर पडायला आले की जागा होत असेल, तर त्याला देखभालीचा कायदा म्हणता येणार नाही. तो पंचनाम्याची पूर्वतयारी ठरतो.