विश्लेषण: जुनी ‘फोर बाय फोर’ भटकंतीसाठी मॉडिफाय करताय? आधी आरसी उघडा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांत रोज भंगार वितळते आणि त्याच्या सळ्या होतात. आयुष्य संपलेल्या गाडीचा शेवटही अशाच एखाद्या भट्टीत होतो. पण सगळ्याच जुन्या जीप तिकडे जात नाहीत. महिंद्राची एमएम ५४०, मारुतीची जिप्सी किंवा २०१० मध्ये आलेली पहिली थार सेकंडहँड घ्यायची, तिला नवे रूप द्यायचे आणि स्पिती, लडाख, कच्छच्या रणाकडे निघायचे, हे वेड आता जिल्ह्याच्या ठिकाणीही पोहोचले आहे. यालाच ‘ओव्हरलँडिंग’ म्हणतात: हॉटेलच्या भरवशावर न राहता पाणी, स्वयंपाक आणि झोप सगळे गाडीसोबत न्यायचे. मात्र मोबाइलवरच्या रील्समध्ये जे आधी दिसते, म्हणजे मोठे टायर, लोखंडी बंपर, टपावरच्या दिव्यांची रांग, तेच बहुतेक वेळा बेकायदा ठरते आणि कामाचेही नसते.

कायदा नेमके काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादक कंपनीने मुळात दिलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका घेतली आणि केरळ उच्च न्यायालयाचा शिथिल अर्थ रद्द केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा. एका गाडीत पाच बदल असतील तर हिशेब पाचाने होऊ शकतो.

इंजिन बदलले असेल तर १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवून आरसीवर नोंद घ्यावी लागते. जुन्या जीपमध्ये दुसऱ्याच कंपनीचे इंजिन बसवलेले असणे काही नवे नाही. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव तर नव्याने बांधलेल्या जीपसाठी देशभर प्रसिद्ध आहे. अशी देखणी जीप ट्रकवर चढवून मराठवाड्यात आणणे सोपे आहे, ती एमएच २१ पासिंगवर चढवणे नाही. म्हणून पैसे देण्याआधी चॅसिस नंबर, इंजिन नंबर, इंधन, बॉडीचा प्रकार आणि आसनसंख्या आरसीशी ताडून पाहा. गाडी लष्कराच्या लिलावातली असेल तर लिलावाचे मूळ कागद मागा. झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका.

पुढच्या लोखंडी गार्डबाबत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईचे पत्र दिले होते. ‘माझ्या जुन्या जीपला एअरबॅगच नाहीत, मग गार्डने काय बिघडते?’ असा युक्तिवाद कट्ट्यावर ऐकू येतो. बिघडते ते समोरच्या पादचाऱ्याचे आणि दुचाकीस्वाराचे.

कागदांचा खर्च किती?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील हलक्या वाहनांसाठी ते १०,००० केले. पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरणाच्या तपासणीला गाडी मूळ रूपात दिसावी लागते, हे बदल करणाऱ्यांनी आजच लक्षात घ्यावे. विम्याचेही तसेच. कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर सर्वेअरच्या नजरेस पडला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो.

मोठ्या टायरचे गणित

जिप्सीला २०५/७० आर १५ मापाचा टायर येतो. त्याचा व्यास साधारण ६६८ मिमी भरतो. हौसेने २३५/७५ आर १५ घातला की व्यास ७३३ मिमीच्या पुढे जातो, म्हणजे जवळपास १० टक्के जास्त. मग स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने धावत असते. त्याच ब्रेकने रस्त्यावर मिळणारा जोर सुमारे ९ टक्क्यांनी घटतो, कारण चाकाची त्रिज्या वाढली आणि ब्रेक तेच राहिले. इंजिनावर ताण येतो तो वेगळाच. त्यात पाटे उंचावून ‘लिफ्ट’ दिली की गुरुत्वमध्य वर जातो. अशी गाडी समृद्धी महामार्गावर चढवून १०० च्या पुढे नेणे हा धाडसाचा नाही, निव्वळ भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे.

वजनाचा हिशेब तर कोणी करतच नाही. लष्कर जिप्सीला ५०० किलो भारवाहनाच्या वर्गात धरत असे. आता अंदाजे बेरीज करा: ४० लिटर पेट्रोल कॅनसह ३८ किलो, ४० लिटर पाणी ४२, विंच आणि लोखंडी बंपर ७५, टपावरचा तंबू ५५, जादा चाक २५, दुसरी बॅटरी ३०. झाले २६५. दोन माणसे १४०. अवजारे, भांडी, कपडे ६०. एकूण ४६५ किलो. तिसरा मित्र ‘मीही येतो’ म्हणाला की मर्यादा ओलांडली. शिवाय यातले बरेच वजन टपावर, म्हणजे जिथे ते सर्वांत जास्त त्रास देते तिथे.

मग पैसे कुठे घालावेत?

रीलमध्ये न दिसणाऱ्या ठिकाणी. ब्रेकचे लायनर, सिलिंडर आणि पाइप नवे करा. रेडिएटर उघडून साफ करा, होज बदला. जालन्याच्या चाळिशी पार उन्हात तापणारे इंजिन राजस्थानात साथ देणार नाही. पाट्यांचे बुश, शॉकॲब्सॉर्बर, स्टिअरिंगचे जोड, चाकांचे बेअरिंग, वायरिंग आणि फ्यूज तपासा. गाडी कोकणातून आलेली असेल तर चॅसिस खालून ठोकून पाहा. टायर मूळ मापाचेच, पण चांगल्या नक्षीचे आणि ताज्या तारखेचे घ्या. यातल्या कशानेही आरसीवरचा तपशील बदलत नाही.

सरावासाठी लडाख लागत नाही. घनसावंगी किंवा परतूरकडच्या काळ्या मातीतली पाणंद पहिल्या पावसानंतर पुरेशी आहे. ही माती टायरच्या नक्षीत भरते आणि महागडा टायरही गुळगुळीत होतो. हवा थोडी कमी करायची, लो रेंज लावायचा आणि सावकाश, न थांबता निघायचे. अनेक जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांच्या हबचे लॉक हाताने फिरवावे लागते. ते चिखलात रुतण्याआधी फिरवलेले बरे! डांबरी रस्ता लागला की मात्र लगेच टू व्हील ड्राइव्हवर या. या गाड्यांत पुढच्या-मागच्या धुऱ्यांमध्ये डिफरन्शियल नसतो, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर वळताना सगळा पीळ गिअरवर येतो आणि खर्च मोठा निघतो. आणि दुधनेला पूर आला असेल तर स्नॉर्केल असूनही थांबा. स्नॉर्केल इंजिनात पाणी जाऊ देत नाही, गाडी वाहून जाण्यापासून वाचवत नाही.

सरकारने काय करावे?

कायदा कडक असण्याला आक्षेप नाही. आक्षेप आहे तो संदिग्धतेला. फोर्सची गुरखा कारखान्यातूनच स्नॉर्केल घेऊन येते, मग तसाच भाग जुन्या गाडीला लावला तर तो फेरफार की ॲक्सेसरी? मागची सीट काढून तिथे झोपण्याची फळी ठेवली तर आसनसंख्या बदलली का? राज्याच्या मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले, म्हणजे गाडीत राहून फिरण्याची कल्पना सरकारला मान्य आहे. पण त्याच कल्पनेने जुनी जीप तयार करणाऱ्याला साधे, लेखी उत्तर देणारी सोय हवी तितकी स्पष्ट नाही. परिणामी उत्तर गॅरेजवाला किंवा एजंट देतो आणि तपासणीच्या दिवसापुरते मूळ टायर भाड्याने चढवण्याची पळवाट निघते.

परिवहन विभागाने चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या बदलांची यादी मराठीत जाहीर करावी. संशयाच्या बाबतीत काम सुरू करण्याआधी जिल्हा कार्यालयात रेखाचित्र दाखवून, शुल्क भरून, ठरावीक मुदतीत लेखी होकार किंवा नकार मिळावा. तोवर मालकांनी आपला प्रश्न उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाला लेखी अर्जाने विचारावा, पोच घ्यावी आणि ती पोच आरसीसोबत गाडीत ठेवावी.