अठरा मीटर ही मर्यादा आहे

स्कूबाचं ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंत उतरण्याची मुभा देतं. तिथवर गेलंच पाहिजे असं नाही. म्हणून नांदेड-लातूरच्या नव्या डायव्हरने सुरुवातीच्या बुड्या मालवण-तारकर्लीच्या उथळ पाण्यात माराव्यात, असं आमचं ठाम मत आहे. दाबातला सर्वांत मोठा बदल पहिल्या दहा मीटरांतच होतो: तेवढ्यात दाब दुप्पट होतो, जॅकेटमधली हवा आक्रसते आणि माणूस जड होतो. दगडावर न आदळता, श्वास न रोखता तरंगत राहणं इथेच हाताखालून जावं लागतं. अंदमानचं पाणी अधिक नितळ, हे खरंच. पण हात बसलेला नसेल तर तिथल्या प्रवाळाला पायातल्या फिनचा एक फटकाही पुरतो.

मालवणला विमान लागत नाही, म्हणून परतीची घाई मात्र नको. वाटेवरचा आंबोली घाट सुमारे ७०० मीटर उंच, लातूरही सहाशेच्या वर. बुडीत रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर जाण्याआधी बाहेर पडायला वेळ हवा. बुडीनंतर विमानासाठी सांगितलेले १८ तास घाटासाठीही पाळावेत. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला ही डायव्हिंगची चैन कशाला, असं कुणी विचारेल. आमच्या मुलांची पाण्याशी ओळख फक्त टँकरच्या रांगेतच का व्हावी?